बॅटरीची तक्रार

तक्रार बॅटरीची होती. महापे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात आम्ही डेटा लॉगर, म्हणजे मोजमापं आपोआप नोंदवणारे डबे, बनवतो. त्यातला एक तळोज्याला, जमिनीखालच्या दोन पाइपलाइनींवर बसवला होता. बॅटरी ३.६ व्होल्टची, लॉगर दाखवतो ३.२. दोनदा नवी टाकून झाली, आकडा तोच. तिसरा फोन आल्यावर मे महिन्याच्या उन्हात मी स्वतः गेलो.

लोखंडी पाइप गंजू नये म्हणून त्याला मॅग्नेशियमचे ॲनोड जोडतात. मॅग्नेशियम झिजतं, पाइप वाचतो. काम नीट चाललंय का ते बघायला मातीत कॉपर सल्फेटचा हाफ सेल (ज्याच्या तुलनेत मोजायचं तो ठरलेला इलेक्ट्रोड) टेकवून पाइपाचं व्होल्टेज घेतात. ते उणे ०.८५ किंवा त्याहून जास्त उणे असावं लागतं. हे ‘उणे’ ऑर्डर घेताना कुणी बोललं नाही. ‘एक-दीड व्होल्टचा सिग्नल आहे’ म्हणाले, आणि मीही पुढे विचारलं नाही. आमच्या चिपमधला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ० ते २.५ व्होल्ट वाचणारा. शून्याखाली त्याच्यासाठी जगच नाही.

साइटवरचे काका रोज मीटरने रीडिंग घेऊन वहीत उतरवायचे, त्यामुळे लॉगरच्या रकान्यातल्या शून्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी मीटर लावला: उणे ०.९२. मी लॉगरची वायर जोडली, तर मीटरवर उणे ०.५२.

“साहेब, तुमचा डबा व्होल्टेज खातोय,” काका म्हणाले.

बरोबर बोलले. चिपच्या प्रत्येक पिनला आत संरक्षक डायोड असतो, एकाच दिशेने करंट सोडणारा. पिन चिपच्या ग्राउंडच्या, म्हणजे तिच्या शून्याच्या, अर्ध्या व्होल्टभर खाली गेली की तो चालू होतो. माती सुकलेली, हाफ सेलच्या वाटेत वीसेक किलोओहम, म्हणून करंट जेमतेम २० मायक्रोॲम्पिअर. पिन जळत नाही, पण तो करंट चिपच्या सिलिकॉनमध्ये शिरतो आणि शेजारच्या पिनमधून थोडा ओढून घेतो. शेजारची पिन बॅटरी मोजणारी! वीज वाचवायला तिथे मीच एक-एक मेगओहमचे रेझिस्टर टाकले होते. अर्धा मायक्रोॲम्पिअरही न गळता ०.४ व्होल्ट गायब. पाइपाची वायर काढली, बॅटरी ३.६. जोडली, ३.२. चार वेळा करून पाहिलं, खरं सांगायचं तर मजा वाटली म्हणून.

लॉगर बॅटरीवर चालणारा, त्याचा ग्राउंड बाहेर कशाला बांधलेला नाही, मग वायरी उलट जोडल्या की झालं, असं आधी वाटलं. पण पाइप दोन आणि हाफ सेल एकच, दोघांत सामाईक. उलटं केलं तर दोन्ही पाइप लॉगरच्या ग्राउंडला एकत्र बांधले जातात, वेगवेगळे मोजता येत नाहीत.

गाळ्यावर परत येऊन सिग्नल वर उचलला. पाइपापासून एक रेझिस्टर, २.५ व्होल्टच्या रेफरन्सपासून (स्थिर व्होल्टेज देणाऱ्या भागापासून) तेवढाच दुसरा, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवर बफर, म्हणजे त्यावर भार न टाकता व्होल्टेज पुढे देणारा भाग, पुढे एडीसी. त्या बिंदूवर दोन्हींची सरासरी मिळते: उणे ०.९२ चं ०.७९. उणे २.५ पर्यंत पिन शून्याखाली जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये दुप्पट करून २.५ वजा केले की मूळ आकडा हाती.

दुसऱ्या दिवशी बसवलं, तर लॉगर उणे ०.८९ म्हणतो आणि काकांचा मीटर ०.९२. काका माझ्याकडे बघतात. पुन्हा माझेच एक मेगओहमचे रेझिस्टर: आपल्या रेफरन्समधून पावणेदोन मायक्रोॲम्पिअर कोरड्या मातीतून फिरत होते आणि ३० मिलिव्होल्टची चूक करत होते. मर्यादा ०.८५ असताना हा फरक सोडता येत नाही. काकांनी न बोलता बाटलीतलं पाणी हाफ सेलच्या बुडाशी ओतलं, आकडे जवळ आले. मी नंतर १० मेगओहमचे लावले. पाण्याची बाटली मात्र काकांच्या किटमध्ये आधीपासूनच होती.

काढून टाकलेल्या दोन बॅटऱ्या अजून माझ्या टेबलावर आहेत. परवा मोजल्या, दोन्ही ३.६४.