इशाऱ्याआधी श्रेयाची वाटणी

नेत्याचे भाषण आपल्याला का पटते, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणापाशी येते. श्रोत्यांचे मन वळवण्याच्या साधनांमध्ये वक्त्याचे चारित्र्य जवळजवळ सर्वांत प्रभावी असते, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते. पण हा विश्वास आधीच्या लौकिकावर विसंबून न राहता त्या वेळच्या बोलण्यातूनच निर्माण झाला पाहिजे, ही त्याची अट मला अधिक मोलाची वाटते.

त्या दिवशी आंबेडकरांच्या लौकिकात काहीच उणे नव्हते आणि सभासदांनी त्यांची मनापासून स्तुतीही केली होती. तरीही संविधानाला फार वेळ लागला, या आक्षेपाला त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले. २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस हा काळ सांगून त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांना लागलेला काळ त्याच्या शेजारी ठेवला, प्रत्येक घटनेतील कलमे मोजली, आणि सुचवलेल्या सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्याचे नोंदवले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. आपल्याला दिले जाणारे श्रेय खरे तर आपले नाही, असे सांगून त्यांनी कच्चा मसुदा तयार करणाऱ्या बी. एन. राव यांचे नाव घेतले आणि अत्यंत गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या, स्पष्ट कायदेशीर भाषेत उतरवणाऱ्या मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचेही. पक्षशिस्त न जुमानता प्रश्न उपस्थित करणाऱ्या सभासदांचेही त्यांनी आभार मानले, कारण ते नसते तर ती सभा होयबांची झाली असती.

इथवर ऐकलेल्या श्रोत्यांसमोर मग कटू गोष्टी आल्या. १९२७ साली महाडला आणि १९३० साली नाशिकला सत्याग्रह उभारणारा हा नेता आता म्हणाला की, सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह आणि कायदेभंगही सोडून दिले पाहिजेत. सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा त्या साधनांचे बऱ्याच अंशी समर्थन करता येत होते, हेही त्यांनी मान्य केले. या कबुलीमुळेच त्यांचा युक्तिवाद उपदेशासारखा वाटत नाही.

धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यानंतरचा. त्याच भाषणात स्वतःची स्तुती निमूटपणे स्वीकारलेल्या माणसाच्या तोंडी तो पोकळ ठरला असता. हा परिच्छेद मी मोठ्याने वाचते, तेव्हा आधी ऐकलेली राव आणि मुखर्जी ही दोन नावे प्रत्येक वेळी मनात उभी राहतात.