पाच हजारांवर अडकलेला आकडा

पालथी बादली पाण्यावर तरंगत ठेवून कोणी होडीत बसलेलं दिसलं की गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचे लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. "बालदेंत नुस्तें मेळटा?" बादलीत मासा मिळतो का? पहिल्या महिन्यात मी समजावून सांगायचे, की पाण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड या बादलीत साठतो आणि तो आम्ही मोजतो. आता नुसती हसते.

मी डिचोलीची. खनिजाचे ट्रक बघत मोठी झाले, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नदीतल्या वायूंवरच्या एका प्रकल्पात सहाय्यक म्हणून लागले. विषय एका ओळीचा: नदीतून हवेत किती कार्बन जातो आणि त्यात माणसाचा हात किती. नदी सगळं समुद्रात नेऊन टाकते असं आपण धरून चालतो. पण पालापाचोळा, शेण, गटाराचं पाणी हे वाटेतच जिवाणूंच्या तावडीत सापडतं आणि त्यातला बराच कार्बन समुद्र गाठण्याआधीच हवेत निघून जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक हिशेबात नदी-ओढ्यांतून वर्षाला सुमारे १.८ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो असं निघालं. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीच्याच मुखाशी ऐन पुरात पाण्यातला हा वायू हवेच्या कितीतरी पट सापडला आहे.

माणसाची ढवळाढवळ दोन्ही दिशांनी चालते. धरणात पाणी थांबतं, गाळ बसतो, ऊन आत शिरतं, शेवाळ फोफावतं आणि वरच्या थरातला वायू खाऊन टाकतं. वरचंच पाणी मोजलं तर धरणाने नदी सुधारली असं वाटावं. तेच तळाचं, प्राणवायू संपलेलं पाणी खालच्या दारातून सोडा, सोड्याची बाटली फोडल्यासारखा वायू सुटतो. म्हणून कुठे आणि कधी मोजलं याला फार किंमत. आमच्या तक्त्याचा शेवटचा रकाना 'कारण' असा होता: १ म्हणजे नैसर्गिक, २ म्हणजे मानवी. सरांनी आखलेला. त्या रकान्याने पुढे फार छळलं.

मे महिन्यातली अमावास्या मुद्दाम निवडली होती, कारण तेव्हा भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. पावसाळा सरला की मांडवीत वरून येणारं गोडं पाणी नावापुरतं उरतं. भरतीचा जोर मात्र पन्नासेक किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत पोचतो. सकाळी दहापासून दर तासाला एक नोंद, असे चोवीस तास. मी, बेळगावचा एक संशोधक विद्यार्थी आणि होडीचे मालक. त्यांना आम्ही काका म्हणतो, ते मला बाय म्हणतात. चोडणच्या बाजूला खारफुटीजवळ नांगर टाकला.

दिवस कंटाळवाणा गेला. ऊन, फेरीबोटीच्या लाटा, कोमट पाणी, डब्यातली शेवटची पोळी कोणी खायची यावर वाद. वायू आत घेणाऱ्या पण पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याआडचा एक सेन्सर आम्ही पाण्यात सोडला होता. तो दुपारी दहा लाख भागांत सहाशे-सातशेच्या आसपास कार्बन डायऑक्साइड दाखवत होता. हवेत चारशे वीस-पंचवीस धरा, म्हणजे नदी वायू सोडत होती, पण बेताने. संध्याकाळच्या ओहोटीला आकडा थोडा चढला. तेही अपेक्षितच. ओहोटीला खारफुटीच्या चिखलातलं, खेकड्यांच्या बिळांत मुरलेलं पाणी बाहेर झिरपतं. मध्यरात्रीच्या भरतीला आकडा पुन्हा उतरला. काळोखात वनस्पती वायू शोषत नाहीत, तरी समुद्राचं पाणी आत आलं की सगळं पातळ होतं.

दोननंतर पाणी उतरू लागलं. तीनला आकडा दोन हजारांपुढे. साडेतीनला पाच हजार. चारलाही पाच हजार, अगदी तेवढेच. सेन्सरची मर्यादाच पाच हजार होती, त्यामुळे काटा भिंतीला टेकून बसावा तसं झालं. विद्यार्थी म्हणाला, "गेला हा. पडद्यात पाणी शिरलं." असं पूर्वीही झालं होतं आणि तेव्हा अख्खा दिवस फुकट गेला होता. रात्रीचे चार, डोळे चुरचुरत होते. खोटं कशाला सांगू, 'उपकरण बिघडले' असं लिहून झोपावं असंच मला वाटलं.

पण सेन्सर बाहेर काढून होडीच्या टोकाशी, आमच्या श्वासापासून लांब, वाऱ्यावर धरला, तर पाच-सात मिनिटांत आकडा उतरत चारशे तीसवर आला. म्हणजे हा ठीक होता. मग प्राणवायूची बाटली भरली. ही जुनी पद्धत मला आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. बुडबुडा न येऊ देता बाटली भरायची, मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर चॉकलेटी साका खाली बसतो. दिवसभर असाच बसला होता. विजेरीच्या उजेडात बाटली धरली तर आत दुधासारखं पांढरट. एकदा वाटलं, मीच द्रावण चुकवलं. दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला होता. वासही आला, कुजक्या अंड्यांचा.

काका तोवर पडल्या पडल्या आमची धांदल ऐकत होते. उठून न बसताच म्हणाले, "मशीन पाड जावंक ना गो बाय. मानस उक्ती केल्या." मशीन बिघडलेलं नाही, मानस उघडली आहे.

मानस म्हणजे खाजन शेताच्या, नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, बांधातलं लाकडी दार. भरतीला खारं पाणी अडवायचं, ओहोटीला आतलं सोडायचं. गोव्यातल्या खाजनांचा सगळा डोलारा या दारांवर उभा आहे. दरवर्षी मानशीची पावणी होते, म्हणजे लिलाव, आणि बोली जिंकणाऱ्याला तिथे जाळं लावायचा हक्क मिळतो. पाण्याबरोबर वाहत येणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पकडायला रात्रीची ओहोटी बरी. म्हणून त्या माणसाने संध्याकाळी फळ्या तशाच ठेवल्या होत्या आणि दोन-अडीचला काढल्या. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर कंदिलाचा ठिपका दिसत होता. तो मी दोनदा पाहिला होता. तो आकड्यांशी जोडायचं डोक्यातही आलं नव्हतं.

उजाडल्यावर बांधावरून चालत गेलो. आत कधीकाळी भात पिकायचं. आता कित्येक वर्षं शेत पडीक, पाणी साचलेलं, मधूनमधून खारफुटी उगवलेली, एका कोपऱ्यातून वाड्यावरचं सांडपाणी येणारं. दिवसेंदिवस कोंडून कुजलेलं हे पाणी एका दारातून दोन तासांत नदीत ओतलं जात होतं. चिखल होता, कुजकी पानं होती, प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या.

आणि मग तो रकाना. काय लिहायचं? खारफुटी निसर्गाची, पण शेत सोडलं म्हणून उगवलेली. भरती-ओहोटी चंद्राची, पण दार माणसाचं. धरणांचे अभ्यास वाचताना हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण धरण एवढं मोठं असतं की माणसाचा हात लांबूनही दिसतो. इथे हात म्हणजे चार फळ्या आणि एक कंदील. मी रकान्यात 'मानस' लिहिलं. सरांनी विचारलं, "हा कुठला कोड?" सगळी हकीकत ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागाने नव्हे, एवढं मला कळलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मर्यादेच्या सेन्सरसाठी अर्ज गेला.

त्यांनीच मला परत पाठवलं, मानशी उघडण्याच्या वेळा नोंदवून मिळतील का विचारायला. मानशीवाला जाळं विणत बसला होता. तुम्ही दार उघडता तेव्हा आमचा आकडा चढतो, एवढंच सांगितलं. वायूचं काही बोलले नाही. त्याने थोडा विचार केला. आम्हाला तो आकडा हवाच असतो, तो आमचा धंदा, असं त्याने धरलं असावं. कारण अगदी मनापासून, शेजाऱ्याला मदत करावी तशा आवाजात तो म्हणाला, "तुका कितल्या वरांचेर जाय तें सांग. हांव तेन्ना उक्ती करतां." तुला किती वाजता हवा ते सांग, मी तेव्हा उघडतो.