प्रबंधातले दुवे तपासताना

नागपुरात पीएच.डी.चे प्रबंध आणि संस्थांचे अहवाल संपादित करताना मी मुद्रितशोधनाइतकाच वेळ संदर्भांतील दुव्यांना देते. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, गेला की तो दूरच्या अनोळखी वाचकाच्या हाती पडतो, आणि त्या वाचकाला एखाद्या विधानाची शहानिशा करायची असेल, तर बहुतेक वेळा तळटीपेतला दुवा हाच त्याचा एकमेव आधार असतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती.

पहिली चाळणी यंत्राने लावावी. लिंकचेकरसारखी मोफत साधने प्रत्येक पत्त्यावर विनंती पाठवून सर्व्हरचा उत्तरांक नोंदवतात : २०० म्हणजे पान मिळाले, ३०१ म्हणजे ते कायमचे दुसरीकडे हलवले, ४०४ म्हणजे सापडले नाही. मात्र या अंकांवर विसंबून दुवा ठेवणे किंवा काढणे मला मान्य नाही. अनेक सर्व्हर स्वयंचलित विनंतीला ४०३ देऊन नकार देतात, पण तेच पान ब्राउझरमध्ये बिनदिक्कत उघडते. याउलट, पानावर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच लिहिलेले असताना किंवा मूळ संस्थेने सोडून दिलेले डोमेन भलत्याच व्यक्तीने घेऊन तिथे जाहिराती लावलेल्या असतानाही उत्तर २०० असेच येते. म्हणून प्रत्येक दुवा उघडून, ज्या वाक्यासाठी तो दिला आहे त्या वाक्याला तिथे खरोखर आधार मिळतो का, हे डोळ्यांनी वाचावेच लागते.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण येते. संगणकावर अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन जागा घेतो. त्यामुळे काना आणि उकार धरून सहा चिन्हांचा ‘नागपूर’ हा शब्द पत्त्यात ५४ जागा व्यापतो. मराठी विकिपीडियावरच्या लेखाचा असा लांबलचक पत्ता पीडीएफमध्ये दोन-तीन ओळींवर मोडतो आणि पुष्कळदा पहिल्या ओळीपुरताच भाग दुवा म्हणून ओळखला जातो. पान शाबूत असूनही अर्धवट पत्त्यामुळे ४०४ मिळतो. वाक्याचा पूर्णविराम पत्त्याला चिकटला तरी तेच होते. यासाठी तपासणी वर्ड फाइलवर न थांबवता जी पीडीएफ विद्यापीठाला सादर होणार आहे तिच्यावरच करावी.

शासन निर्णयांच्या बाबतीत उपाय सोपा आहे, तरीही तो फार थोडे संशोधक वापरतात. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक छापलेला असतो. विभाग, दिनांक आणि हा संकेतांक संदर्भात दिला की संकेतस्थळाची रचना बदलली तरी निर्णय शोधता येतो. शोधनिबंधासाठी डीओआय आणि शोधगंगेवरील प्रबंधासाठी हँडल द्यावा; हे दोन्ही पान हलले तरी न बदलणारे कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतात. संस्थेचे नाव बदलते तेव्हाही असा तपशील उपयोगी पडतो. आपल्या नागपुरातल्या अमरावती रोडवरील राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्राचे नाव आज केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था असे आहे. जुन्या नावाने दिलेल्या संदर्भात अहवालाचे शीर्षक आणि वर्ष असेल, तर संत्र्याच्या बागांवर काम करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला तो अहवाल मिळवता येईल.

उरलेल्या पानांची प्रत संदर्भ घेताना त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करावी आणि पाहिल्याचा दिनांक लिहावा. दुवा आधीच तुटलेला असेल, तर तिथेच जुनी प्रत शोधावी. मात्र साधारण तसाच मजकूर असलेले दुसरे पान परस्पर जोडून देऊ नये, कारण त्यातील आकडे वेगळे असू शकतात आणि तो निर्णय लेखकाचाच असतो. प्रत कुठेच मिळाली नाही, तरी मी संदर्भ गाळत नाही. पत्ता साध्या मजकुरात ठेवते आणि त्यापुढे लेखकाने तो पाहिल्याचा आणि आम्ही तपासला तेव्हा तो न उघडल्याचा, असे दोन्ही दिनांक नोंदवते.