ठाण्याहून यास बेटावर: युरोलीगचे तीन दिवस

मे महिन्यात शहाण्या माणसाने गावी जाऊन आंबे संपवावेत, वाळवंटात जाऊ नये, हे आईचे मत मी निमूटपणे ऐकून घेतले आणि २२ मे २०२५ रोजी तीन हात नाक्यावरून विमानतळाकडे निघालो. युरोपातील बास्केटबॉल क्लबांची सर्वांत मानाची वार्षिक स्पर्धा म्हणजे युरोलीग, आणि तिचा ‘फायनल फोर’ हा शेवटचा टप्पा त्या वर्षी अबुधाबीच्या यास बेटावरील एतिहाद अरेनात होणार होता. अथेन्स किंवा बेलग्रेडला जाऊन हे सामने पाहणे माझ्या खिशाला कधी परवडले नसते. अबुधाबी मात्र मुंबईहून विमानाने जेमतेम तीन तासांवर आहे आणि तेथे माझा चुलतभाऊ राहतो. ठाण्यातील एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर हा खेळ शिकलेल्या आणि पुढे चांगला खेळ पाहण्यासाठी लोकलने भायखळा गाठून नागपाड्याच्या मस्तान तलाव मैदानापर्यंत पायपीट केलेल्या माणसाला एवढे निमित्त पुरेसे होते.

ही स्पर्धा १९५८ साली सुरू झाली आणि पहिली सलग तीन विजेतेपदे रिगाच्या लष्करी क्लबने जिंकली. चार संघांना एकाच शहरात आणून शेवटच्या आठवड्याअखेरीस निकाल लावण्याची आजची पद्धत १९८८ पासूनची आहे. मला ती काहीशी निर्दय वाटते. २०२४-२५ च्या हंगामात १८ संघ प्रत्येकी ३४ साखळी सामने खेळले, त्यानंतर पाच सामन्यांच्या मालिका झाल्या, आणि एवढे सगळे पार करून आलेल्या संघाचे भवितव्य अखेर ४० मिनिटांच्या एकाच सामन्यात ठरायचे. ग्रीसच्या ऑलिंपियाकोस संघाने साखळीत पहिला क्रमांक मिळवला होता. त्याचा अबुधाबीत काहीही उपयोग झाला नाही.

हा सोहळा प्रथमच युरोपबाहेर होत असल्याचा बराच गाजावाजा होता. नकाशा उघडून बसणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र ते पटेना, कारण १९९४ आणि २००४ चे फायनल फोर तेल अविवला झाले होते आणि ते शहर आशियातच आहे. शिवाय या वेळच्या चौघांपैकी फेनरबाहचे या क्लबाला ज्या वस्तीचे नाव आहे, ती इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर आहे. हे क्लब म्हणजे मुळात एकेका वस्तीचे, बंदराचे किंवा शहराचे जिमखाने आहेत. ऑलिंपियाकोस पिरेयस बंदराचा, तर पनाथिनाइकोस अथेन्सचा. मोनॅकोचे तर संपूर्ण राज्यच सुमारे दोन चौरस किलोमीटरचे. घोडबंदर रस्त्यालगत मानपाडा ते वाघबीळ एवढ्या पट्ट्यात सहज मावेल. अशा मातीला चिकटलेल्या संघांना उचलून वातानुकूलित बेटावर आणून ठेवल्यावर काय होते, हे मला पाहायचे होते.

यास बेट म्हणजे फेरारीचे मनोरंजन उद्यान, मोटार शर्यतीची धावपट्टी आणि भलामोठा मॉल. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कारण त्या उन्हात पायी चालणे शक्यच नव्हते. त्याच उन्हात ग्रीक आणि तुर्की प्रेक्षक गळ्यात लोकरी मफलर घालून अरेनाच्या दारापाशी उभे होते. मी मनात हसलो. आत गेल्यावर मात्र वातानुकूलनाचा गारठा असा होता की तासाभरात मीही एक मफलर विकत घेतला. टेंभी नाक्यावरच्या दहीहंडीचा गजर कानांत साठवून वाढलेल्या ठाणेकराला आवाजाचे अप्रूप वाटू नये. परंतु संघ मागे पडल्यावर आवाज वाढवायचा असतो, ही रीत मला नवी होती. आमच्याकडे हंडी कोसळली की क्षणभर तरी शांतता पसरते.

२३ मे रोजी दोन्ही उपांत्य सामने झाले आणि दोन्हींत ग्रीक संघ हरले. फेनरबाहचेने पनाथिनाइकोसला ८२-७६ असे नमवले. गतविजेत्या पनाथिनाइकोसचे प्रशिक्षक एर्गिन अतामान स्वतः तुर्की असल्यामुळे माझ्या मागच्या रांगेतील तुर्की मंडळी अर्धा वेळ त्यांच्याकडेच पाहून काहीबाही ओरडत होती. दुसऱ्या सामन्यात मोनॅकोने ऑलिंपियाकोसला ७८-६८ असे हरवले, आणि मला खरा चटका लावला तो याच सामन्याने. मोनॅकोचे प्रशिक्षक वासिलिस स्पॅनुलिस यांनी खेळाडू म्हणून २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदे ऑलिंपियाकोसलाच मिळवून दिली होती. ज्या माणसाने आपल्याला घडवले, त्यानेच आपल्याला घरी पाठवावे, हे पिरेयसच्या लोकांना कसे वाटले असेल, ते माझ्या शेजारच्या लाल-पांढऱ्या मफलरवाल्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. त्यांनी शिवी दिली नाही, टाळीही वाजवली नाही. शेवटची दोन मिनिटे ते केवळ स्पॅनुलिस यांच्याकडे पाहत राहिले.

२४ तारखेला वहिनींच्या आग्रहास्तव अबू मुरेखा येथील मंदिर पाहिले. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

२५ मे रोजी हरलेल्या दोन ग्रीक संघांना तिसऱ्या क्रमांकासाठी एकमेकांशी खेळावे लागले, आणि एरवी जिवावर उठल्यासारखी असलेली ही लढत कोणालाच नको होती, असे मला तरी वाटले. अंतिम सामन्याचे नाट्य निराळे होते. फेनरबाहचेचे लिथुआनियन प्रशिक्षक शारूनास यासिकेविचियुस आणि स्पॅनुलिस हे २००९ साली पनाथिनाइकोसच्या विजेत्या संघातून एकत्र खेळले होते. मोनॅकोकडे माइक जेम्स होता, ज्याने या स्पर्धेतील सर्वाधिक गुणांचा विक्रम आपल्याच प्रशिक्षकाकडून हिरावून घेतला होता. तरीही सामना फेनरबाहचेच्या बचावाने जिंकला. चेंडू हाती येताच मोनॅकोच्या खेळाडूसमोर दुसरा हात उभा राहायचा आणि धावत जाऊन सोपी बास्केट मिळवण्याची वाट बंद व्हायची. नायजेल हेस-डेव्हिसने २३ गुण नोंदवले, सामना ८१-७० असा संपला आणि २०१७ नंतर फेनरबाहचेला दुसऱ्यांदा करंडक मिळाला. खेळाडू म्हणून चार वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या यासिकेविचियुस यांचे प्रशिक्षक म्हणून हे पहिलेच विजेतेपद होते. त्या रात्री ते बेट काही तासांपुरते इस्तंबूलचे झाले होते. मोठमोठ्या पडद्यांपेक्षा आणि रोषणाईपेक्षा त्या पिवळ्या-निळ्या गर्दीनेच ते घडवले. पुढच्या हंगामात युरोलीग २० संघांची झाली आणि त्यात दुबईचा संघही आला. त्या संघाला अशी माणसे कोठून मिळतील, याची मला शंका आहे.

रात्रीच्या विमानाने २६ मेच्या सकाळी मुंबईत उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता. त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. पवईपासून कांजूरमार्गापर्यंत टॅक्सी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. छत्री घरी कपाटावर होती, म्हणून तीन हात नाक्यापासून इमारतीच्या दारापर्यंत यास बेटावरचा मफलरच डोक्यावर धरला.

“कोण जिंकलं रे?” आईने टॉवेल पुढे करत विचारले.

“फेनरबाहचे. इस्तंबूलचा संघ आहे, आशियाच्या बाजूचा.”

“आणि कप युरोपचा?” असे म्हणून तिने मफलर पिळून बाल्कनीतल्या दोरीवर टाकला.