मिनिकॉय: माडांच्या सावलीतली गावं

जहाजातून होडीत उतरताना खलाशाने खुणेने बजावलं होतं, लाट वर आली की पाय टाका. मी नेमका ती खाली गेल्यावर टाकला. मिनिकॉयमध्ये माझं आगमन असं गुडघा सोलून झालं.

लक्षद्वीपला जायला आपल्यालाही परवाना लागतो, तो मिळाला की कोचीहून जहाज. त्यातही मिनिकॉय एका टोकाला. बाकीच्या बेटांपासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, मध्ये नाइन डिग्री चॅनल नावाचा समुद्राचा पट्टा. त्याच्याही खाली गेलं की थेट मालदीव. म्हणून इथली बोलीही मल्याळम नाही, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण असलेली महल. तिची लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरूनच आलेली! हे कळल्यावर मी प्रत्येक पाटीवर आकडे शोधत बसलो.

पाण्याबद्दल काय लिहू? पश्चिमेला प्रवाळांच्या कड्याने अडवलेलं उथळ पाणी, सकाळी फिकट हिरवं, दुपारी मोरपंखी. दूर कड्यावर लाटा फुटताना पांढरी रेघ दिसते, आवाज मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर ऐकू येतो. फोटो काढले, एकही धड आला नाही.

मी समुद्रासाठी गेलो आणि रमलो गावांत. चंद्रकोरीसारखं हे निमुळतं बेट, त्यावर एकमेकांना खेटून वसलेली गावं. सायकलवरून एका गावातून दुसऱ्यात कधी शिरलो ते समजतही नाही. पण गावकऱ्यांना बरोबर समजतं. प्रत्येक गावाचं स्वतःचं सामाईक घर, शर्यतीची स्वतःची लांबलचक, रंगवलेली होडी, म्हणजे जहाधोनी. गावाचा प्रमुख तो बोडुकाका, बायकांची प्रमुख ती बोडुदाता. 'काका' ऐकून मला उगाच घरच्यासारखं वाटलं. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरीला, महिनोन्‌महिने बाहेर. घर आणि गाव चालवतात बायका. लग्नानंतर नवराच बायकोच्या घरी राहायला जातो. रस्त्यावर कचरा शोधून सापडत नव्हता. आधी मला वाटलं, पर्यटकांसाठी असेल. पण पर्यटक होते किती? आम्ही मोजून सहा.

संध्याकाळी धक्क्यावर ट्यूनाच्या बोटी लागल्या. कोळीकाम सोडलेल्या एका आजोबांनी मोडक्या हिंदीत सगळं समजावलं. पहाटे उथळ पाण्यात जाळं टाकून बोटाएवढी लहान मासळी जिवंत धरायची. ती ठेवायची बोटीच्या पोटातल्या हौदात. त्याच्या तळाला भोकं असतात, त्यातून समुद्राचं पाणी खेळत राहतं. खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ही मासळी मूठमूठ फेकायची आणि मागून पाण्याचे फवारे उडवायचे. ट्यूनाला वाटतं, वर मेजवानी चालली आहे. मग काठीला बांधलेला गळ. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा बोटीत आपटला की आपोआप सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात. आजोबांनी काठी नसलेल्या हातांनी असे झटके मारून दाखवले की मी दोन पावलं मागे सरलो.

शेवटच्या दिवशी 1885 सालच्या दीपगृहावर चढलो. सोललेल्या गुडघ्याने प्रत्येक पायरीला आठवण करून दिली. वरून घरं दिसतच नाहीत, नुसते माड. कुठेतरी धूर तेवढा वर येत होता. ट्यूना उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून त्याचं लाकडासारखं टणक मासमीन करतात, बहुधा त्याचाच.

आजोबांनी त्यातला एक तुकडा कागदात गुंडाळून दिला. मी तो कपड्यांच्या बॅगेत टाकला. तीन धुलाया झाल्या, शर्टांना अजून वास आहे. घरातलं मांजर मात्र हल्ली माझ्याशी फार प्रेमाने वागतं.