तुम्ही विचारलंत म्हणून : इथंच बघू की पुणं गाठू?

निकाल लागले की जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून एकच प्रश्न येतो : "पदवी झाली, ओळख कुणाची नाही. इथंच काही बघू की सरळ पुण्याला निघू?" घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण "पोऱ्या काय करी ऱ्हायना?" विचारत असतो, त्यामुळे विचारणाऱ्याला उत्तराची घाई असते.

आमचं मत असं : पहिलं वर्ष इथंच काढा, पण ते कागदावर उमटेल असं काढा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लागू नाही. त्यांचं काम पुण्यातच आहे, त्यांनी जावं. कॅम्पसमधून बरी ऑफर हातात असेल तर तीही सोडू नये. बाकीचे, म्हणजे बीकॉम, बीएस्सी, डिप्लोमा, मेकॅनिकल, यांना शिकण्याजोगं काम इथं आहे. जळगाव एमआयडीसीत डाळमिल, पीव्हीसी पाइप आणि चटईचे कारखाने आहेत, ठिबकचा तर गावच. धुळ्याजवळ अवधान आणि नरडाणा एमआयडीसी, शिरपूरकडे कापड. नंदुरबार-नवापूरच्या मुलांना पुण्यापेक्षा सुरत जवळ पडतं आणि तिथं निम्मी गल्ली खान्देशीच भेटते, तो पर्याय कमी समजू नये.

अडचण वेगळीच आहे. छोट्या युनिटमध्ये पगार पाकिटातून मिळतो, नेमणूकपत्र कुणी देत नाही. वर्षभर मरमर काम करून मुलगा पुण्याच्या कंपनीत जातो आणि तिथं विचारतात, पुरावा काय? मग तो पुन्हा फ्रेशर. म्हणून पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारा : नेमणूकपत्र मिळेल का, पगार बँकेत जमा होईल का, पीएफ कापता का. पीएफचा कायदा 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो. त्याहून लहान ठिकाणी पीएफ नसेल तर पहिल्या दोन गोष्टींवर अडून बसा. दोन हजार कमी मिळाले तरी चालतील, पण हे सोडू नका. पीएफ असेल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तयार होतो आणि कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली हे त्यात नोंदलं जातं. मोठ्या कंपन्या पडताळणीत हीच नोंद बघतात. खोटा अनुभव लिहिणारेही इथेच सापडतात.

मालक "कापतो" म्हणाला यावर विसंबू नका. एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. म्हणजे जुलैची वर्गणी ऑगस्टच्या उत्तरार्धात पीएफच्या पासबुकात दिसायला हवी. दोन महिने कापून काहीच दिसलं नाही तर नम्रपणे पण लेखी विचारा.

शोधायचं कसं? राज्य सरकारच्या महास्वयंम पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा, पण तेवढ्यावर थांबलात तर थांबूनच राहाल. इथली बरीच भरती जाहिरातीविना होते. एमआयडीसीत प्रत्यक्ष जाऊन गेटवर बायोडाटा द्यायचा, आणि वॉचमनकडे सोडून न येता अकाउंट्स किंवा एचआर बघणाऱ्याचं नाव विचारून त्या नावानं द्यायचा. साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर बंद शटर बघून परत याल. एका आठवड्यात 15 ठिकाणं, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच माणसाला एक फोन. दुसरा फोन बहुतेक जण करतच नाहीत. ओळख नाही म्हणता, पण हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी झाली की तिथं कापसाचा जिनिंगवाला, ट्रान्सपोर्टवाला, पतसंस्थेचा मॅनेजर असे सगळे एकाच पंगतीत बसलेले असतात. "नोकरी द्या" म्हणू नका. "टॅली आणि जीएसटीचं काम येतं, कुणाला माणूस हवा असेल तर सांगा" म्हणा.

वेळही बघा. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात माणसं लागतात. सीए आणि कर सल्लागारांकडे जुलै ते ऑक्टोबर कामाचा रेटा असतो, तिथं त्याआधी, मे-जूनमध्ये जाऊन उभं राहायचं. बीकॉमवाल्यांनी हे ऑफिस जरूर धरावं. पगार कमी असतो, पण वर्षभरात पन्नास धंद्यांच्या वह्या डोळ्यांखालून जातात.

मुलाखतीत इथं कुणी "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" विचारत नाही. हाताला काय येतं ते विचारतात. बीकॉमवाल्याला मासिक भरणाऱ्याचं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) 11 तारखेला आणि 3बी (कर भरायचं विवरणपत्र) 20 तारखेला जातं हे तोंडपाठ हवं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, महिना संपल्यावर 7 तारखेपर्यंत भरतात. राज्यातल्या राज्यात माल पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) एक लाखावर, राज्याबाहेर 50 हजारांवर. पाइपचा ट्रक इंदूरला निघाला की हा फरक रोज आडवा येतो. केमिस्ट्रीवाल्याला पीएच मीटर कसा लावायचा, म्हणजे कॅलिब्रेट करायचा, ते विचारतील : आधी 7 च्या बफरनं (ठरलेल्या पीएचच्या द्रावणानं), मग नमुना आम्ल असेल तर 4 आणि अल्क असेल तर 9.2. मध्ये इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचा आणि टिपायचा, घासायचा नाही. पाइपच्या कारखान्यात आयएस 4985 हा आकडा माहीत असला तरी समोरचा मान वर करून बघतो. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं ते मानक आहे. मेकॅनिकलवाल्याच्या हातात व्हर्नियर देऊन माप घ्यायला सांगतात. 0.02 मिमी लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) पाठ असतो, पण झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्य जुळतं का) बघायला दहातले सात विसरतात.

आता पगार. "तीन लाखांचं पॅकेज" म्हणजे महिन्याला 25 हजार हातात नव्हे. बेसिक निम्मं, 12,500 धरा. कंपनीचा पीएफ 1,500 आणि ग्रॅच्युइटीची बेसिकच्या 4.81 टक्के तरतूद, साधारण 600, हे दोन्ही त्या 25 हजारांतच मोजलेले असतात. उरले 22,900. त्यातून तुमचा पीएफ 1,500 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 21,200 येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, घाबरू नका. महिलांना 25 हजारांपर्यंत तो लागत नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षांनी मिळते, म्हणजे वर्षभरात सोडणाऱ्यानं ते 600 विसरावेत. पॅकेजमध्ये 'व्हेरिएबल' (कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग) असेल तर तो भाग वजा करूनच घरी आकडा सांगा.

अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नका, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी किंवा रेल्वेच्या जागा निघतात त्यावर लक्ष ठेवा. पण अप्रेंटिसला पीएफ नसतो, तिथं पुरावा म्हणजे प्रमाणपत्र. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तेच : पदवीधराला दरमहा 10,000 मिळतात, पण ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, कुठे 'चौधरी'च्या इंग्रजी स्पेलिंगला एक अक्षर जास्त. आधार आणि पीएफमधलं नाव जुळलं नाही की पैसे अडकतात. अर्ज करायच्या आधीच आधार, पॅन आणि बँक खातं एकसारखं करा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिल्या फेरीतच अक्षर न् अक्षर तपासा. मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नका, कोरा चेक तर नाहीच. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपची अनामत अशा नावाखाली पैसे मागणारी 'नोकरी' तिथेच सोडा.

आणि वर्षानंतर पुण्याला निघालात तर दीड महिन्याचा खर्च सोबत ठेवा. खोलीची अनामत, मेसचे आगाऊ पैसे, आणि पहिला पूर्ण पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस. जुन्या ठिकाणचं कार्यमुक्ती पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊनच बाहेर पडा. मालकानं पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हालाच टाकता येते. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू नका.