तुम्ही विचारलंत म्हणून: टायरमधले आणि मलमातले

"काका, बाळाच्या मलमाच्या डबीवर झिंक ऑक्साईड लिहिलंय. तुमच्या कारखान्यातून टायरवाल्यांकडे पोती जायची, ते हेच का?" हा प्रश्न मला प्रथम पुतणीने विचारला. नंतर तो सोसायटीतल्या दोन आयांनी, सनस्क्रीन लावून सायकल चालवणाऱ्या एका तरुणाने आणि दाढेत तात्पुरते सिमेंट भरून घेऊन आलेल्या एका मित्रानेही विचारला. औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत ही पूड तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे टाळाटाळ करण्याची सोय नाही. सूत्र तेच आहे, पोते मात्र ते नव्हे.

जस्त, म्हणजेच झिंक, ४१९ अंश सेल्सियसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. शुद्ध जस्ताच्या लाद्या मुशीत घालून तापवल्या की वर आलेली वाफ हवेचा स्पर्श होताच पेट घेते, निळसर हिरवट ज्योत दिसते आणि तिच्यातून दाट पांढरा धूर निघतो. तो धूर लांब नळ्यांतून थंड करत कापडी पिशव्यांत अडवला की हाती येते ते झिंक ऑक्साईड. या रीतीला फ्रेंच पद्धत म्हणतात, कारण पॅरिसमध्ये घरे रंगवण्याची कंत्राटे घेणाऱ्या लक्लेर नावाच्या गृहस्थाने १८४०च्या दशकात तिचा मोठा प्रसार केला. त्याच्या कारागिरांना पांढऱ्या रंगातल्या शिशामुळे विषबाधा होत असे आणि त्याला शिशाऐवजी दुसरे काही हवे होते. जस्ताच्या या रंगाचा आणखी एक गुण असा, की गंधकयुक्त वायूने शिशाचा पांढरा रंग काळवंडतो, पण जस्ताचे सल्फाइडही पांढरेच असल्यामुळे हा काळा पडत नाही. पुढे टायटॅनियम डायऑक्साईड आले, ते खालचा पृष्ठभाग कितीतरी चांगला झाकते, आणि रंगाच्या डब्यातली झिंक ऑक्साईडची जागा आक्रसली.

दुसरी रीत स्वस्त आहे. लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत टाकीच्या वर जी राख जमते, ती कोळशाबरोबर भट्टीत घालतात. आधी जस्ताची वाफ होते आणि तीच पुढे हवेत जळते. मात्र राखेबरोबर मुलाम्याच्या टाकीतले शिसे आणि क्लोराइडही येतात. शिशाला कंटाळून ज्या पदार्थाकडे लोक वळले, त्याच पदार्थाची प्रत ठरवताना आम्ही सगळ्यात आधी शिसे पाहायचो, ही गंमत माझ्या लक्षात फार उशिरा आली. औषधाच्या प्रतीला शिशाची मर्यादा अतिशय कडक असते. रबराच्या पोत्याला तेवढी नसते, आणि नसावीच, नाहीतर टायर परवडणार नाही.

जगात तयार होणाऱ्या झिंक ऑक्साईडपैकी निम्म्याहून अधिक रबर उद्योगच वापरतो. नुसते रबर आणि गंधक तापवले तर रबर पक्के व्हायला फार वेळ लागतो आणि ते मनासारखे होतही नाही. शंभर भाग रबरात साधारण तीन ते पाच भाग झिंक ऑक्साईड आणि थोडे स्टिअरिक आम्ल मिसळले, की जस्ताचे आयन रबरात विरघळू शकणाऱ्या रूपात येतात, गती वाढवणाऱ्या रसायनांशी जोडी जमवतात आणि रबराच्या साखळ्यांना जोडणारे गंधकाचे पूल भराभर आणि अधिक संख्येने बांधले जातात. ही क्रिया कणाच्या पृष्ठभागापासून सुरू होते, म्हणून कण किती बारीक आहेत याला शुद्धतेइतकेच महत्त्व असते. फ्रेंच पद्धतीच्या एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग चार-पाच चौरस मीटर भरतो. जस्ताचे कार्बोनेट भाजून केलेल्या "ॲक्टिव्ह" प्रतीचा त्याच्या कित्येक पट. पोते पावसाळ्यात उघडे राहून पुडीने ओल धरली आणि गोळे झाले, तर कागदावरचे आकडे कितीही चोख असले तरी रबरवाला माल परत पाठवतो. आमच्याकडे असे दोनदा घडले, आणि दोन्ही वेळा चूक आमच्याच गोदामाची होती. घासलेल्या टायरचा कीस पावसाबरोबर नाल्यांत जातो आणि त्यातले जस्त जलचरांना बाधते, म्हणून टायरमधले प्रमाण कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते योग्यच आहेत.

मलमात हा पदार्थ वेगळेच काम करतो. तो त्वचेवर कोरडा, सौम्य थर धरून ओल दूर ठेवतो. सनस्क्रीनमध्ये तो साधारण ३७० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण शोषतो. खाजेवर लावायच्या कॅलामाइन लोशनमध्येही हीच पूड असते, त्याचा गुलाबी रंग त्यातल्या किंचित लोहाच्या ऑक्साईडमुळे येतो, आणि मित्राच्या दाढेतले सिमेंट म्हणजे हीच पूड लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलशी कालवलेली. विजेच्या खांबांवरच्या तडितरोधकातही ती असते; तिथे बिस्मथसारख्या इतर ऑक्साईडांसह भाजलेली तिची चकती एरवी वीज अडवते आणि विजेचा दाब एकदम चढला की तो भार जमिनीकडे सोडून देते.

पूड हाताला लागली तर काही होत नाही. भट्टीजवळचा ताजा धूर मात्र छातीत जाता कामा नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुखपट्टी न लावता तासभर तिथे उभा राहिलो. संध्याकाळी तोंडाला धातूची चव, मग हुडहुडी, ताप आणि अंगदुखी. दुसऱ्या दिवशी दुपारी सारे आपोआप उतरले. आठवडाभर काम करणाऱ्यांचे शरीर त्याला सरावते आणि सुट्टीत ती सवय मोडते, म्हणून हा ताप बहुधा सोमवारी येतो. जुने कामगार दूध प्यायला सांगत. त्याचा उपयोग झालेला मला तरी दिसला नाही.

पिवळेपणाबद्दलही विचारले जाते. पांढरी पूड तापवली की पिवळी होते आणि थंड झाली की पुन्हा पांढरी; तापल्यावर तिच्या स्फटिकातला थोडासा ऑक्सिजन सुटतो, हे त्यामागचे एक कारण. शाळकरी मुले पाहुणी आली की मी हा प्रयोग हटकून दाखवत असे. पण म्हणून घामोळ्यांसाठी कारखान्यातली पुडी कुणी मागितली, तर मी ती कधीही आणून दिली नाही. पुतणीलाही मी डबीच वापरायला सांगितले.